कम्फर्टेबलचे चार तुकडे

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही राणीसावरगावला, माहेरी. त्या सातवीत इंग्रजी होतं. पण शिकवणारे गुरुजी स्वतःच त्या तासाला जरा बिचकायचे, त्यामुळं आमची गाडी कॅट आणि रॅटच्या पुढं काही गेली नाही. खरं इंग्रजी मी शिकले पन्नाशी उलटल्यावर. कुणाजवळ शिकलात म्हणून विचाराल तर कुणाजवळच नाही, माझी मीच. हे वाक्य मी किती वर्षं तोऱ्यात सांगितलं! पाहुणे आले की चहा उकळायच्या आधी माझं हे सांगून झालेलं असायचं. आता तेच सांगायचं म्हटलं की मान खाली जाते. का जाते, ते आज सांगून टाकते.

शब्दांचा नाद मला माझ्या सासऱ्यांनी लावला. आमचं गाव बोरीपासून थोडं आत. सासरे निजामाच्या राज्यात उर्दूतून चार बुकं शिकलेले. ओसरीवर जेवायला बसले की मधेच विचारायचे, "सूनबाई, दवाखाना कुठला शब्द?" मी आत चुलीपाशी, पदर डोक्यावर. काय सांगणार? तेच म्हणायचे, "दवा अरबी, खाना फारशी. दोघांचं लगीन लागलंय. जमीन फारशी, अर्ज अरबी. हे समदे पाव्हणे हायेत. आले आन् इथलेच झाले." मला ते फार पटायचं. मीही तशीच की. राणीसावरगावहून आले, इथली झाले, बोलणंसुद्धा बदलून गेलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की शब्दालाही माहेर असतं, आणि सासरी आल्यावर त्याचं तोंड थोडं वळतं.

पुढं सासरे गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, घरातले मालकही गेले. दुपार खायला उठायची. एकदा जिंतूरच्या बाजारात भंगारवाल्याच्या गाड्यावर एक जाडजूड डिक्शनरी दिसली. पुठ्ठा उडालेला, पण पानं शाबूत. मोडका स्टो देऊन मी ती घरी आणली. तिच्यात इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच. मुलाची शाळेतली छोटी इंग्रजी-मराठी डिक्शनरी माळ्यावर होती, ती काढली. मोठीत शब्द बघायचा, मोठीतला अर्थ छोटीत शोधायचा, त्यात अडलं की पुन्हा मोठी. एका शब्दाला एक दुपार पुरायची नाही. पण शब्दाच्या शेवटी चौकोनी कंसात त्याचं माहेर दिलेलं असायचं. लॅटिन, ग्रीक, जुनी फ्रेंच. ते वाचलं की मला सासऱ्यांशी बोलल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. शब्दाच्या शेजारी, दोन तिरप्या रेघांच्या मधे, तो शब्द म्हणायचा कसा तेही छापलेलं होतं. त्यात उलटा ई, घराच्या छपरासारखं एक चिन्ह, मधेच वरती टोचलेली बारीक रेघ. ती अक्षरं मला कधी वाचता आली नाहीत. मी त्या दोन रेघांवरून उडी मारून पुढं जायची आणि उच्चार माझा मीच ठरवायची. आपल्याकडं जे लिहिलं ते बोलायचं असतं, एकही अक्षर उपाशी ठेवायचं नसतं. तोच न्याय मी इंग्रजीला लावून टाकला.

हळूहळू गल्लीतली लेकरं यायला लागली. शाळा सुटली की सात-आठ जण ओसरीवर. त्यांना शिकवायची माझी एक रीत होती. सुपात तुरीचे दाणे घ्यायचे. तोंडानं शब्दाचा एक तुकडा म्हणायचा आणि एक दाणा पुढं सरकवायचा. वॉ-टर, दोन दाणे. बट-र-फ्लाय, तीन दाणे. दाणे हाताशी नसले तर डावा तळहात पुढं करायचा आणि एकेका तुकड्याला त्यावर बोट टेकवायचं. लेकरांना ते इतकं अंगवळणी पडलं की शाळेतसुद्धा इंग्रजी वाचताना त्यांचं बोट तळहातावर जायचं. मास्तर लोक हसून म्हणायचे, हे इंग्लिश आजीच्या ओसरीवरचं दिसतंय. इंग्लिश आजी! ते नाव ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या लेकरांत एक पोरगी होती. सातवीतली. तिच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की आई-बाप मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. तोवर ही घरच्या म्हाताऱ्या आजीपाशी राहून शाळा करायची. अंगानं काटकुळी, केस कायम विस्कटलेले, पण शब्दाचं माहेर सांगायला लागले की डोळे असे लावून बसायची की मला माझीच आठवण व्हायची. यंदा मात्र तिच्या म्हातारीला दिसेनासं झालं. बाप म्हणाला, आता पोरगी संगं न्यावी लागेल.

शाळेतली इंग्रजीची मॅडम त्याला भेटायला गेली. ही मॅडम परभणीची, नवीनच आलेली, पोरसवदा. स्कूटीवरून यायची, सगळ्यांना अहो-जाहो करायची. तिनं त्याला सांगितलं की जिंतूरला इंग्रजी शब्दांची स्पर्धा आहे, पोरगीला पाठवू. आवडीचा एक शब्द घ्यायचा, तो वाचायचा, त्याचे तुकडे पाडायचे, अर्थ सांगायचा आणि तो आला कुठून ते सांगायचं. पहिले दोघं परभणीला जाणार.

बाप माझ्याही ओसरीवर आला. लाल फेटा, खांद्यावर घोंगडं, उभ्या उभ्याच बोलला.

"काकू, मॅडम म्हणतेत पोरगी हुशार हाय. तुमीबी म्हणताव. पण तुमी घरचे. जिंतूरला मोठ्या लोकानं म्हणलं ना, तर ठेवतो तिला चुलतीपाशी. न्हाईतर दिवाळी झाली की मेंढरामागं."

"अरे, मी हाय ना," मी म्हणाले. "मी तयार करते तिला. तू बिनघोर ऱ्हा."

म्हणजे पोरीची शाळा त्या एका शब्दावर येऊन बसली होती, आणि तो शब्द मी माझ्या अंगावर घेतला होता.

शब्द तिनंच निवडला. कम्फर्टेबल. मी तिला त्याचं माहेर सांगितलं होतं, की लॅटिनमधे फोर्टिस म्हणजे बळकट. त्याच्यापुढं कॉम जोडून झालं पुरतं बळ देणं. ते फ्रेंचांच्या घरी राहून इंग्रजीत आलं. आरामाचा, गादीगिरद्यांचा अर्थ नंतरचा. पोरगी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आजी, धीर देणं की."

"धीर देणं," मी म्हणाले. मलासुद्धा ते सुचलं नव्हतं.

"लांडगं आलं ना, की आबा मेंढरात जाऊन उभा राहतेत. वरडत न्हाईत, काई न्हाई. नुसते उभे. मंग मेंढरं गप होतेत. तसं."

मी तिला म्हणाले, हेच सांग जिंतूरला, अगदी असंच. आणि तुकडे? सुपात चार दाणे. कम-फर-टे-बल. आठ दिवस आम्ही ते चार दाणे सरकवले.

एका दुपारी मॅडम आली. शेजारच्या दोघी माझ्याकडं शेंगा फोडायला बसल्या होत्या. मॅडम पायरीवर टेकली, पाणी प्यायली आणि जरा घुटमळत म्हणाली, "आजी, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल की माय."

"पोरगी तो शब्द वर्गात म्हणाली. त्यात 'टे' असं म्हणत नाहीत. कागदावर त्याचे तुकडे चारच पडतात, तेवढं तुमचं बरोबर आहे. पण बोलताना मधलं पुसट होतं. कम्फ-ट-बल. बहुतेक लोक तीनच तुकड्यांत म्हणतात."

शेंगांचा आवाज थांबला. दोघींनी माझ्याकडं बघितलं.

"मंग मधला तुकडा जातो कुठं?"

"गिळतात, आजी."

"गिळायला ती काय दवाखान्यातली गोळी हाय?"

दोघी खो खो हसल्या. मला चेव आला. मॅडमनं फोन काढला, म्हणाली, "यात बाई बोलून दाखवते, ऐकवू का?"

"ऱ्हाऊ दे तिला फोनमधीच. तिला घाई असंल, म्हणून गिळती. आमच्या वसरीवर कुणाला घाई न्हाई, आमी अख्खं बोलतो."

पुन्हा हशा. एकजण म्हणाली, "मॅडम, आजीसंगं बोलण्यात कुणी जितलं न्हाई बरं का अजून." मॅडमसुद्धा हसली. जाताना स्कूटीला किल्ली लावत सहज म्हणाली, "तुमच्या त्या डिक्शनरीतच असेल बघा आजी, शब्दाच्या शेजारी."

ते मला लागलं. दोघी घरी गेल्यावर मी पान काढलं. शब्दाच्या शेजारी दोन तिरप्या रेघा, मधे ती उलटी-पालटी अक्षरं. माझ्याच घरात, माझ्याच मांडीवर उत्तर छापलेलं होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं. शाळा हाकेच्या अंतरावर. उठून जायचं, मॅडमला म्हणायचं, हे एवढं मला वाचायला शिकव. पाच मिनिटांचं काम होतं. मी पान मिटलं.

संध्याकाळी पोरगी आली. तिनंच विचारलं, "आजी, मॅडम तीन म्हणतेत. तुमी चार. कोणतं धरू?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "मॅडम नवीन हाय. तू आपलंच धर."

पोरीनं मान हलवली. तिला माझ्यावर विश्वास ठेवायची सवय होती.

दिवाळी झाल्या झाल्या जिंतूरला आम्ही चौघं गेलो. पोरगी, तिचा बाप, मॅडम आणि मी. बापानं मेंढरं भावावर सोपवली होती, फेटा धुतलेला होता. हॉलमधे तालुक्यातली लेकरं, पालक, पंखे गरगरणारे. समोर दोन परीक्षक. एक पिकल्या केसांचे सर आणि एक बाई. मी आणि बाप दुसऱ्या रांगेत. मॅडम दाराशी उभी राहिली, पोरगीला तिथून दिसावी म्हणून.

पोरगीचा नंबर आला. आधी तिनं अर्थ सांगितला. मग माहेर सांगितलं, अगदी लॅटिनपासून. आणि मग लांडग्याचं सांगितलं. ते पिकल्या केसांचे सर पुढं झुकले. बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या शेजारी बाप ताठ बसलेला. मला वाटलं, जिंकलं.

"वा," सर म्हणाले. "आता शब्द नीट म्हण आणि तुकडे करून दाखव."

पोरगीनं डावा तळहात पुढं केला. "कम. फर. टे. बल." चारदा बोट टेकवलं.

सर हसले. वाईट मनानं हसले असं मी म्हणणार नाही, पण हसले. "अरे, यात टेबल कुठून आणलंस बाळा?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा हॉल हसला. "आणि हे हातावर काय? औषध चोळतेस?" पुन्हा हसले.

पोरगीचं बोट तळहातावरच राहिलं. ती मागं घ्यायचं विसरली.

"कोणी शिकवलं हे असं?" सरांनी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेमागोमाग सरांनीही माझ्याकडं बघितलं, आणि मग रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

"आजी, तुम्ही हिच्याबरोबर आहात का? कोणी शिकवलं हिला?"

इतकी वर्षं कुणीही विचारायच्या आधी सांगत सुटणारी बाई मी. आणि आज तालुक्याच्या लोकांसमोर विचारलं तर मी म्हणाले, "शाळेत. त्यांच्या मॅडमनी."

दाराशी मॅडम उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग पुढं आली आणि म्हणाली, "हो सर. माझ्याकडून राहिलं. पण मुलीचं बाकीचं सगळं तिचं तिनं केलंय." सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच असं शिकवल्यावर मुलांनी काय करायचं?" पुढच्या लेकराचा नंबर पुकारला.

परत येताना काळ्या-पिवळ्या जीपमधे आम्ही दाटीवाटीनं बसलो. मॅडमची स्कूटी गावात होती, म्हणून तीही आमच्याबरोबर. वाटेतल्या एका फाट्यावर दोघं उतरले, जागा झाली, तसा बाप मॅडमकडं न बघता बोलला.

"मॅडम, तुमालाच येत न्हाई, तर लेकराला काय येणार? आमची मेंढरं बरी. जे येतंय तेच वरडतेत."

ड्रायव्हर हसला. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा कान लाल झाला होता. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. बोलायला माझ्यापाशी बोरीपर्यंतचा अख्खा रस्ता होता.

पोरगी माझ्या शेजारी. तिनं हळूच विचारलं, "आजी, तुमी असं कामून म्हणलात?"

मी म्हणाले, "गप बस. तुला न्हाई कळायचं."

आजवर मी लेकरांना कधी असं म्हटलं नव्हतं. तुला कळेल, असंच म्हणायची.

गावात बातमी आमच्या आधी पोचली म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी बायका नळावर बोलायला लागल्या, मॅडमला काही येत न्हाई. तिसऱ्या दिवशी दोन बाप हेडसरांकडं जाऊन आले. आणि माझ्याकडं कोण आलं? शेंगा फोडणाऱ्या त्या दोघी. म्हणाल्या, "आजी, तुमीच बऱ्या. तुमीच शिकवा आता लेकरांना. तुमचं ते चार दाण्याचं खरं." त्यांना वाटत होतं, मी मॅडमला तेव्हाच ओळखलं होतं. चूक कुणाची ते त्यांना माहीतच नव्हतं. चार तुकड्यांनी पोरगी पडली हेसुद्धा त्यांच्यापर्यंत नीट आलं नव्हतं. मी त्यांना चहा केला. हो, केला. आणि त्या बोलत होत्या ते ऐकून घेतलं. जिंतूरच्या हॉलमधे मी घाबरून खोटं बोलले असं मनाला समजावता येतं. पण त्या चहाला काय म्हणू? तिथं तर मी माझ्या स्वयंपाकघरात होते, मला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

पोरगी त्या चार दिवसांत ओसरीवर आली नाही. चौथ्या दिवशी तिची चुलती सांगून गेली, उद्या पहाटे मेंढरं येलदरी धरणाच्या अंगाला निघणार, पोरगीचं बोचकं बांधून झालं.

चुलती गेली आणि मी भाकरी थापायला बसले. पहिलीच भाकरी मोडली. दुसरी मोडली. चाळीस-पन्नास वर्षांत माझी भाकरी मोडली नसेल. तवा उतरवला, चपला घातल्या आणि निघाले.

मेंढरं गावाबाहेर एका रानात बसवलेली होती. पीक निघालं की शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं रानात बसवतात, तसं. ऊन कलायला लागलं होतं. लांबूनच मला स्कूटी दिसली. मॅडम तिथं आधीच होती. मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या कडेला पोत्यावर बसली होती, समोर बाप, पलीकडं पोरगी कोकरू मांडीवर घेऊन.

मॅडमचा आवाज आला. "दादा, चूक माझी होती. मी कबूल करते ना. मग शिक्षा मुलीला कशाला?"

मी तिथंच थांबले. ही पोरसवदा बाई, माझं खोटं स्वतःच्या डोक्यावर घेऊन, त्याच खोट्यानं पोरगीची शाळा वाचवायला आली होती. मला वाटलं परत फिरावं. कदाचित तिचं तो ऐकेलही, मला काही बोलायला नको. हेसुद्धा माझ्या मनात आलं. सांगायचंच तर सगळं सांगावं, म्हणून सांगते.

कुत्रं भुंकलं. तिघांनी वळून बघितलं. आता परत फिरता येत नव्हतं.

"तिची चूक न्हाई," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "माझी हाय. मी शिकवलं पोरीला. मॅडम मला सांगून गेली होती, असं म्हणत न्हाईत म्हणून. मी ऐकलं न्हाई. पोरीनं इचारलं, कोणतं धरू, तवा मीच म्हणले आपलं धर. आन् तिथं लोकांत मॅडमचं नाव घेतलं."

बाप उठून जवळ आला. मग म्हणाला, "तवा मी जीपमधी मॅडमला बोललो, ते तुमी ऐकत व्हता?"

"ऐकत होते."

"आन् चार दिस?"

"चार दिस."

त्यानं फेटा सैल केला, पुन्हा आवळला. पोरगीकडं वळला. "तुला ठाव व्हतं?"

तिनं कोकराच्या कानाआडून मान हलवली.

"मंग बोलली कामून न्हाईस? म्या बोचकं बांधायलोय, तू बघायलीस. तोंडानं फुटायचं न्हाई?"

पोरगीनं कोकराच्या अंगावरचं एक कुसळ उपटलं. मग म्हणाली, "मला हसले, तसं आजीला हसले असते."

मी खाली बसले. ढेकळं टोचत होती. एवढ्याशा जिवानं स्वतःची शाळा जाऊ दिली, चार दिवस, माझं हसं होऊ नये म्हणून. आणि मी त्या चार दिवसांत काय केलं, तर चहा.

बाप मॅडमला म्हणाला, "मॅडम, म्या लय बोललो तुमाला. चूक झाली." मॅडम "नाही हो, नाही" म्हणत राहिली. एक म्हातारी मेंढी जाळीला अंग घासत होती. तिला त्यानं उगीचच हाड् केलं.

"मला शबूद-बिबूद कळत न्हाई," तो म्हणाला. "चार तुकडे करा न्हाईतर धा करा. पण हिच्यात काईतरी हाय. एवढं तोंड धरून बसणं मला तर जमलं नसतं. ऱ्हाऊ द्या हिला. चुलतीपाशी ऱ्हाईल, शाळा करंल."

मॅडमनं पोरगीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगी हसली नाही, रडली नाही. कोकरू मात्र तिनं इतकं घट्ट धरलं की ते ओरडलं.

"पण काकू," बाप माझ्याकडं वळला. आवाज चढवला नाही त्यानं. "तुमच्या वसरीवर न्हाई धाडणार तिला. राग नका मानू. मॅडमपाशी काय शिकायचं ते शिकंल."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

मॅडमनं मला स्कूटीवर मागं बसवून गावात आणलं. मी जन्मात स्कूटीवर बसले नव्हते. तिचा खांदा धरून बसले होते, म्हणून विचारायला सोपं गेलं, तोंड बघावं लागत नव्हतं. "माय, तू त्या दिवशी हॉलमधी हो कशाला म्हणालीस?"

ती खड्डा चुकवत म्हणाली, "आजी, तुम्ही इतक्या घाबरला होता. दुसरं काही सुचलंच नाही मला."

सोमवारी मी शाळेत गेले. मॅडमचं नाव चारचौघांत घेतलं होतं, तर ते चारचौघांतच परत घ्यायला हवं. हेडसर म्हणाले, "बसा हो आजी, चहा घ्या, झालं गेलं." मी म्हणाले, चहा नको. सातवीच्या वर्गात गेले आणि सांगितलं. काय काय केलं ते सगळं. उलटी अक्षरं वाचता येत नाहीत, हेही. मग मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि मग सगळीच हसली. मॅडम त्यांच्यावर ओरडली. मी म्हणाले, "हसू दे त्यांना."

पोरगी तिसऱ्या बाकावर होती. ती हसली नाही. तिनं वर बघितलंसुद्धा नाही, वहीत काहीतरी लिहीत राहिली.

त्या दोघींनाही जाऊन सांगितलं. एक म्हणाली, "जाऊ द्या आजी, एवढं काय." दुसरी सूप उचलून आत गेली. आता त्या शेंगा आपापल्या घरी फोडतात. गल्लीतली लेकरं येईनाशी झाली. त्यांच्या आयांनी अडवलं की त्यांचं त्यांनाच नकोसं झालं, मी विचारलं नाही.

पोरगी रोज माझ्या घरावरून शाळेला जाते. "आजी, जाते," म्हणते, चालता चालता. पहिलं ओसरी चढून म्हणायची. मी म्हणते, "जा माय." थांब म्हणत नाही. पहिल्या दिवशी ती दोन घरं पुढं जाईपर्यंत मी उंबऱ्यात उभी होते. तिची चाल जरा मंदावली, मला वाटलं मागं वळते की काय. तिच्या तोंडाकडं बघायचं माझ्यानं होईना. ती वळायच्या आधी मी आत गेले.